रेटिंग खेळाडूचे, लेव्हल खेळणाऱ्याची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या क्रिकेटविषयी आपल्याकडे छापून येते ते बहुतेक दोनच अंगांनी. मुले त्यात किती वेळ घालवतात, आणि गेम किती पैसे मागतो. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण जी मुले हे गेम मन लावून खेळतात त्यांची तक्रार तिसरीच असते आणि ती कुणी ऐकून घेत नाही. लेव्हल सोपी ठेवली तर ५ ओव्हरमध्ये शंभर धावा निघतात आणि मजा जाते. लेव्हल अवघड केली की समोरचा अकराव्या नंबरचा बॅट्समन यॉर्कर लाँगऑनवरून भिरकावतो आणि आपला सलामीवीर फुलटॉसवर बोल्ड होतो. गेम आपल्याला फसवतोय, असे मुले म्हणतात. बऱ्याचदा ती खरे बोलत असतात.

घोळ कुठे होतो ते नेमके सांगता येते आणि तो निस्तरताही येतो, म्हणून हे पत्र. पडद्यावरचा खेळाडू कसा आहे ते रेटिंग सांगते. फोन हातात धरलेल्याला काम किती जड जाणार ते लेव्हल सांगते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही पुष्कळ गेम लेव्हल वाढवायची म्हटली की रेटिंगलाच हात घालतात. गेम बनवणाऱ्या कंपन्यांइतकेच हे घरी बसून संघ एडिट करणाऱ्या हौशी मंडळींनाही लागू आहे. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' २००६च्या अखेरीस आला आणि कंपनीची ती मालिका तिथेच थांबली. चाहत्यांनी नवे संघ, नवे चेहरे, नव्या जर्सी घालून तो पुढे वर्षानुवर्षे चालता ठेवला. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने २०१४च्या 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४'मध्ये खेळाडू तयार करून इतरांना देण्याची सोय गेममध्येच आणली. ज्या संघाचा परवाना नसतो त्याची नावे बदललेली असतात, त्यामुळे भारतीय संघ खरा दिसावा म्हणून रात्र रात्र जागून आकडे भरणारे कमी नाहीत. ते भरायचे कसे, हे मात्र कुठे नीट मांडलेले सापडत नाही.

सुरुवात सरासरीपासून करू, कारण सगळे तिथूनच करतात आणि पहिली ठेचही तिथेच लागते. विनोद कांबळी १७ कसोटी खेळले, १,०८४ धावा केल्या, सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकर २०० कसोटी खेळले, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८. सरासरीच्या रकान्यावरून रेटिंग दिले तर कांबळी वर जातात. आकडा खोटा नाही, पण कांबळी २० वेळा बाद झाले आणि तेंडुलकर २९६ वेळा. वीस डावांच्या सरासरीवर जेवढा भरवसा ठेवायचा, तेवढाच तीनशे डावांच्या सरासरीवर कसा ठेवणार?

यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाच्या खात्यात काही उसने डाव घालायचे. वरच्या फळीतल्या साधारण कसोटी बॅट्समनची सरासरी ३५ धरली, आणि प्रत्येकाला २० बाद व त्या हिशेबाने ७०० धावा उसन्या दिल्या, तर कांबळींचे १,७८४ भागिले ४० म्हणजे ४४.६ होतात. तेंडुलकरांचे १६,६२१ भागिले ३१६, म्हणजे ५२.६. सुनील गावसकर, १०,१२२ धावा आणि १९८ वेळा बाद, ५१.१२वरून ४९.६वर येतात. ज्याचे डाव जास्त त्याला या उसनवारीने फारसा फरक पडत नाही. ज्याचे कमी त्याला ती जमिनीवर आणते. उद्या एखादा मुलगा पहिल्या तीन कसोटींत दोन शतके ठोकेल आणि सोशल मीडियावर त्याला ९५ द्या म्हणून ओरड होईल, तेव्हाही हाच हिशेब कामाला येतो. आयसीसीच्या क्रमवारीतही नवख्या खेळाडूचे गुण सुरुवातीचे काही डाव कापूनच धरतात. शेपटाला, म्हणजे तळाच्या बॅट्समनना, मात्र उसने डाव शेपटाच्याच सरासरीचे द्यायचे. न्यूझीलंडच्या ख्रिस मार्टिनने ७१ कसोटींत २३३ बळी घेतले आणि धावा केल्या १२३, सरासरी २.३६. त्याला ३५च्या भावाने उसने दिले तर त्याची सरासरी एका रात्रीत ११.४, म्हणजे जवळजवळ पाचपट होईल. १०च्या भावाने दिले तर ४.५वर येतो, आणि तेच बरोबर आहे.

आता या सरासरीचे रेटिंग करायचे. इथे सर्वांत जास्त नुकसान होते ते सगळ्यांना ८० ते ९५मध्ये कोंबल्याने. मोठ्या खेळाडूला ८४ देणे हा अपमान वाटतो, मग याला ९३, त्याला ९१, आणि शेपटाला 'निदान' ६० असे करत अख्खा संघ एका माळेचे मणी होऊन बसतो. पट्टी ०पासून ९९पर्यंत आहे, तर ती सगळी वापरली पाहिजे. १० सरासरीला २० रेटिंग आणि पुढच्या प्रत्येक धावेला दीड गुण, असा भाव ठेवून पाहा. तेंडुलकर ८४, गावसकर ७९, कांबळी ७२, मार्टिन १२. सचिनला फक्त ८४, असे म्हणणाऱ्याला सांगावे की हा सत्काराचा हार नाही. त्याच्यात आणि मार्टिनमध्ये ७२ गुणांचे अंतर आहे, आणि गेमला खेळायला हे अंतरच लागते. डॉन ब्रॅडमन कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. ६,९९६ धावा, ७० वेळा बाद, सरासरी ९९.९४, उसने डाव घालूनही ८५.५ उरतात. त्यांच्यासाठी पट्टी ताणली तर बाकी सगळे तळाशी गोळा होतात. त्यांना ९९ देऊन तिथेच थांबावे आणि ते त्यांच्या खऱ्या उंचीपेक्षा कमी आहे हे मान्य करावे. वेगवेगळ्या काळातले खेळाडू एकाच संघात घालायचे असतील तर आधी त्या त्या काळाची सर्वसाधारण सरासरी काढून तिच्याशी तुलना करायची. उघड्या खेळपट्टीवर हेल्मेटशिवाय काढलेल्या चाळीसला आजच्या चाळीसच्या मापाने मोजणे अन्याय आहे.

पण एकच एकूण रेटिंग देऊन भागत नाही. राहुल द्रविडची कसोटी सरासरी ५२.३१ आणि वीरेंद्र सेहवागची ४९.३४. एकूण आकड्यात दोघे शेजारी बसतील. द्रविडचा स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा, ४२.५१ आहे आणि सेहवागचा ८२.२३. सरासरीला स्ट्राइक रेटने भागून शंभरने गुणले की एक बॅट्समन बाद होईपर्यंत सरासरी किती चेंडू खेळतो ते निघते: द्रविड १२३, सेहवाग ६०. म्हणजे प्रत्येक चेंडूला द्रविड बाद होण्याची शक्यता १२३त एक, सेहवागची ६०त एक. कॉम्प्युटर खेळतो तेव्हा आतमध्ये प्रत्येक चेंडूला फासेच टाकले जातात. ते किती वेळा उलटे पडायचे हे या आकड्याने ठरते. म्हणून टिकाव आणि आक्रमकता हे दोन रकाने वेगळे ठेवले की द्रविड द्रविडसारखा खेळतो. एडिट करणारे बहुतेक जण 'मोठा खेळाडू' म्हणून दोन्ही रकान्यांत ९० भरतात, आणि मग द्रविड कसोटीच्या पहिल्या तासात ऑफस्टंपबाहेरचा चेंडू कव्हरवरून उचलताना दिसतो. ज्याने त्याला खेळताना पाहिलेय त्याला ते बघवत नाही.

बॉलरचेही गणित असेच. डेल स्टेनचा कसोटी स्ट्राइक रेट ४२.३, म्हणजे दर ४२ चेंडूंना एक बळी. समजा आपल्या गेममध्ये सर्वसाधारण बळी ६० चेंडूंना पडतो. मग द्रविडसमोर स्टेन असेल तर १२३ला ४२.३ने गुणायचे आणि ६०ने भागायचे; उत्तर सुमारे ८७ चेंडू. सेहवागसमोर तोच स्टेन असेल तर सुमारे ४२. दोघांच्या रेटिंगची नुसती वजाबाकी करणाऱ्या गेममध्ये हे नाते टिकत नाही. तिथे ९० विरुद्ध ९० आणि ४० विरुद्ध ४० यांचा निकाल सारखाच लागतो, मग गल्लीतला सामना आणि कसोटी सामना यांत फरक तो काय राहिला?

इथपर्यंत कॉम्प्युटरचे झाले. माणूस खेळतो तेव्हा फासे कमी आणि बोट जास्त चालते, आणि इथली एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. फोन सेकंदाला ३० फ्रेम दाखवत असेल तर या अर्ध्या सेकंदात चित्रे किती? फक्त १५. एका चित्राचा वेळ ३३ मिलिसेकंद. आता समजा गेमने ठरवलेय की ६० रेटिंगच्या बॅट्समनला अचूक टाइमिंगसाठी ७० मिलिसेकंदांची मुभा आणि ९०च्या बॅट्समनला १००ची, म्हणजे दर गुणाला एक मिलिसेकंद. कागदावर झकास. पण गेम बोटाचा स्पर्श फ्रेमगणिक तपासत असेल तर ७० मिलिसेकंदांतही पूर्ण फ्रेम बसतात दोन आणि ९९ मिलिसेकंदांतही दोन. ६०पासून ८९पर्यंतचे सगळे बॅट्समन हाताला सारखेच लागतात, आणि ९०ला एकदम तिसरी फ्रेम मिळाल्याने तो जादूगार वाटतो. ८५ आणि ८८ यांवरून जे वाद होतात, ते त्या फोनवर अस्तित्वातच नसलेल्या फरकावरून होतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर पायऱ्या तीन होतात: ६० ते ७३, ७४ ते ८९, आणि ९०पासून वर. स्पर्शाची वेळ फ्रेमवर न तोलता स्वतंत्रपणे नोंदवायची, हा यावरचा उपाय. ते करता येते आणि गेम बनवणाऱ्यांनी करायलाच हवे.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त लागते. स्वस्त फोन अर्ध्या तासात तापतो, तापला की स्वतःचा वेग आवरतो, आणि ६०च्या फ्रेम ४०वर, ३०वर येतात. लेव्हल तीच, रेटिंग तेच, तरी दहाव्या ओव्हरनंतर टाइमिंग हुकायला लागते. मुलाला वाटते आपलेच चुकतेय, किंवा गेम मुद्दाम हरवतोय. ब्लूटूथ हेडफोन लावून बॅटचा आवाज ऐकत टाइमिंग साधायला जाल तर आणखी पंचाईत, कारण आवाजच उशिरा पोहोचतो. म्हणून लेव्हलविषयी मत बनवण्याआधी ग्राफिक्स सर्वांत खालच्या पायरीवर आणा, फ्रेमची मर्यादा अशी ठेवा की फोन ती शेवटपर्यंत निभावेल, चार्जिंगला लावून खेळू नका, आणि हेडफोन वायरचा वापरा. डळमळणाऱ्या ६०पेक्षा ठाम ३० बरे, कारण बोटाला एका लयीची सवय होते.

आता लेव्हल. खरी मेख इथे आहे: बेरीज करायची की गुणाकार. अवघड लेव्हलवर कॉम्प्युटरच्या प्रत्येक खेळाडूला सरसकट १५ गुण वाढवून दिले, असे समजा. ८४चा ९९ झाला. ९२चाही ९९च, कारण वर जागा नाही. ९६चाही ९९. तिकडे १२वाला मार्टिन २७वर गेला, म्हणजे दुपटीहून जास्त. वरचे सगळे सारखे झाले आणि शेपूट बॅटिंग करू लागले. मुलांची जी तक्रार सुरुवातीला सांगितली, तिचे मूळ हे. आपल्या बाजूने वजाबाकी केली तरी तेच होते. टाइमिंगच्या मुभेतून सरसकट ४० मिलिसेकंद काढून घेतले तर १००ची ६० होते आणि ७०ची ३०. आधी चांगला बॅट्समन कच्च्या बॅट्समनच्या सुमारे दीडपट होता, आता दुप्पट झाला, आणि सातव्या नंबरनंतर खेळण्यात अर्थच उरला नाही. त्याऐवजी मुभा सगळ्यांची पाऊणपट करा. १००ची ७५, ७०ची साडेबावन्न. दोघांतले नाते जिथल्या तिथे राहिले, आणि काम मात्र खरोखर अवघड झाले.

गुणाकाराहूनही चांगला मार्ग म्हणजे माहिती कमी करत जाणे आणि समोरच्याचे डोके वाढवणे. सोप्या लेव्हलवर टप्पा कुठे पडणार त्याची खूण चेंडू सुटण्याआधीच दिसावी, मधल्यावर सुटल्यानंतर, अवघडवर दिसूच नये. बॉलरच्या मनगटाकडे बघून ओळखा. सोप्या लेव्हलवर कॉम्प्युटरने सहाही चेंडू एकाच टप्प्यावर टाकले तरी चालेल. अवघडवर त्याला तुमची सवय कळली पाहिजे. निम्म्याहून जास्त धावा मिडविकेटला काढताय तर पुढच्या ओव्हरला तिथे सीमेवर माणूस उभा राहावा आणि चेंडू ऑफला सरकावा. प्रत्येक गेममध्ये एखादा हमखास चालणारा फटका असतो, बहुतेक वेळा पुढे सरसावून कव्हरवरून मारलेला. तो बंद करण्यासाठी सगळ्यांची बॅटिंग खाली आणणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे. क्षेत्ररक्षण लावणाऱ्या भागात एक अट वाढवली की तो फटका बंद होतो.

निकालाशीच खेळणारी लेव्हल मात्र नको. १९९३च्या 'एनबीए जॅम' या बास्केटबॉलच्या आर्केड गेमचे मुख्य डिझायनर मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्सचे चाहते होते. पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सचे शेवटच्या क्षणाचे शॉट चुकावेत अशी तजवीज त्यांनी कोडमध्ये केली होती, आणि पुढे ती स्वतःच सांगितली. मागे पडलेल्याला गुपचूप हात देण्याची सोयही त्या गेममध्ये होती, पण घरगुती आवृत्तीत ती बंद करायचा पर्याय दिला होता, हे मला महत्त्वाचे वाटते. ईएच्या फुटबॉल आणि इतर खेळांच्या गेममध्ये सामना चालू असताना लेव्हल छुपेपणाने बदलते, असा दावा करत २०२०मध्ये कॅलिफोर्नियात खटला गुदरला गेला. कंपनीने ते नाकारले, तांत्रिक तपशील दिला, आणि २०२१मध्ये तक्रारदारांनी खटला मागे घेतला. कोर्टापर्यंत जाऊन जे उलगडले, ते सेटिंगच्या पानावर आधीच चार ओळींत लिहिलेले असते तर संशय एवढा वाढला नसता.

फुटबॉलच्या गेममध्ये निदान स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा कमीजास्त करायच्या पट्ट्या, उघडे असतात, त्याबद्दल ईएला श्रेय द्यायला हवे. पूर्वी फिफा आणि २०२३पासून ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने येणाऱ्या त्यांच्या गेममध्ये धावण्याचा वेग, पासमधली चूक, शॉटमधली चूक, गोलकीपरची क्षमता असे स्लायडर तुमच्यासाठी आणि कॉम्प्युटरसाठी वेगवेगळे मिळतात, सगळे मुळात ५०वर. वरच्या लेव्हलवर कॉम्प्युटरचे पास दोरीने ओढल्यासारखे पायात जातात आणि खालच्या डिव्हिजनचा संघही बार्सिलोनासारखा खेळू लागतो. तेव्हा लेव्हल खाली न आणता फक्त कॉम्प्युटरची पासमधली चूक ५०वरून ५५, गरज वाटली तर ६०, एवढे करून बघावे. डोके तेच राहते आणि पाय माणसाचे होतात. हाफ किती मिनिटांचा ठेवलाय तेही बघायला हवे. ६ मिनिटांच्या हाफमध्ये घड्याळ साडेसातपट पळते, तेवढ्या वेळात खऱ्या सामन्याइतके शॉट होऊच शकत नाहीत. गेममध्ये स्कोअर खरा वाटतो, कारण निम्म्या शॉटमध्ये तेवढेच गोल होतात, म्हणजे गोलकीपर मुळातच ढिला ठेवलेला असतो. हाफ १२ मिनिटांचा केला आणि गोलकीपर तसाच ठेवला तर स्कोअर ६-५ होणारच. क्रिकेटमध्ये ५ ओव्हरच्या सामन्याचे तेच: ३० चेंडू आणि हातात १० विकेट, मग विकेट जपायची कुणी आणि कशाला? कसोटीच्या आकड्यांवरून दिलेले टिकावाचे रेटिंग तिथे निकामी ठरते. रेटिंग तपासायचे असेल तर निदान २० ओव्हरचा सामना लावा.

तपासण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण 'दोन मॅच खेळून बघितल्या, बॉलिंग फार सोपी झालीय' या बोलीवर लोक दहा स्लायडर एकदम हलवतात आणि मग मूळ काय होते हेच विसरतात. दर २० चेंडूंना एक विकेट पडते असे धरले तर २०० चेंडूंत १० पडतील, पण निव्वळ नशिबाने त्यांच्या ७ किंवा १३ होणे अगदी नेहमीचे आहे. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. २० ओव्हरचे २० डाव, म्हणजे २,४०० चेंडू झाले की १२० विकेट अपेक्षित असतात आणि नशिबाचा खेळ वरखाली ११च्या आसपास येतो. एवढे आकडे हाती असतील तर १४५ विकेट पडल्यावर बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते की बिघाड आहे. आधी दोन्ही बाजू कॉम्प्युटरला द्या आणि फक्त रेटिंग नीट लावा. तिथे लेव्हलला हात लावू नका. एका वेळी एकच रकाना, तोही ५ गुणांनी. वहीत तारीख, जुना आकडा, नवा आकडा, डावांची संख्या, धावा, विकेट, चौकार-षटकार. रेटिंग बसले की ते कुलूपबंद करा आणि मग स्वतः खेळून लेव्हल लावा. एक खबरदारी घ्या. 'निकाल थेट दाखवा' हे बटण बऱ्याच गेममध्ये प्रत्यक्ष चेंडू टाकून दाखवत नाही, वेगळ्याच हिशेबाने निकाल काढते. त्यावर केलेली तपासणी मैदानावर लागू पडत नाही, म्हणून वेळ गेला तरी सामना पूर्ण चालू द्या.

महिला क्रिकेटचे संघ एडिट करणाऱ्यांना वेगळे सांगायचे आहे, कारण तिथे चुकांची साखळीच तयार होते. महिलांच्या सामन्यात सीमारेषा साधारण ५५ ते ६४ मीटरवर असते, पुरुषांच्या सामन्यात ती ८२ मीटरपर्यंत जाऊ शकते. चेंडूही हलका, १४० ते १५१ ग्रॅमचा. गेममध्ये मैदान पुरुषांच्याच मापाचे राहिले की षटकार पोहोचत नाहीत, मग एडिट करणारा ताकद वाढवतो, मग जमिनीलगतचे फटके गोळीसारखे सुटतात, मग क्षेत्ररक्षणाचा वेग वाढवावा लागतो, आणि शेवटी सांगलीच्या स्मृती मानधनाचा तो हळुवार कव्हर ड्राइव्ह ओळखूही येत नाही. आधी सीमारेषा आत घ्या. वेग ताशी किलोमीटरमध्ये खरा द्या. बाकीचे रेटिंग महिला क्रिकेटच्याच सरासरीशी ताडून ठरवा, पुरुषांशी नव्हे.

गावच्या, तालुक्याच्या स्पर्धांचे संघ गेममध्ये घालणाऱ्यांना मोह असतो तो आपल्या पोरांना वर चढवण्याचा. 'फुटबॉल मॅनेजर' या गेममध्ये यावर जुना तोडगा आहे: प्रत्येक गुण १ ते २० आणि खेळाडूची एकूण क्षमता २००च्या आत. एक गुण वाढवला की त्या मर्यादेत दुसरा कमी करावा लागतो. आपल्यालाही हे करता येईल. ११ जणांच्या संघाला मिळून ठरावीक गुण द्यायचे आणि वाटणी त्या संघाने करायची. आपल्या बॉलरचा वेग वाढवायचा तर त्याची बॅटिंग तरी खाली येईल किंवा शेजारच्याची. भांडणे निम्मी होतात.

ऑनलाइन सामन्यांत माणसाची ताकद आणि संघाची ताकद वेगळी मोजायला हवी. बुद्धिबळात खेळाडूची ताकद आकड्यात मोजणारी आर्पाड एलो यांची पद्धत आहे, त्यात रेटिंगमध्ये २००ने वरचढ असलेल्याला डावांतले सुमारे ७६ टक्के गुण अपेक्षित असतात. क्रिकेटच्या गेममध्ये तगडा संघ निवडणाऱ्याच्या खात्यात संघाचा फायदा आधीच धरला, तर दुबळ्या संघाने जिंकणाऱ्याला त्याचे खरे मोल मिळेल. आज तगडा संघ घेणे फुकट आहे, म्हणून सगळे तोच घेतात.

राहिला पैशाचा भाग. जिथे पैसे भरून बॅट विकत घेता येते आणि ती बॅट रेटिंग वाढवते, तिथे वर लिहिलेले सगळे मोडीत निघते. लेव्हल मुद्दाम अशी ठेवली जाते की ठरावीक टप्प्यावर हरायला व्हावे आणि दुकान उघडावे. कपडे, जर्सी, समालोचन, स्टेडियम विकावे. त्याला कुणाची हरकत नसावी. रेटिंग विकू नये.

आपल्या पुरवणीत नव्या गेमची ओळख छापताना ग्राफिक्स किती सुंदर आणि डाउनलोड किती एमबी एवढ्यावर न थांबता तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात, ही विनंती. लेव्हल बदलली की नेमके काय बदलते हे गेममध्ये कुठे लिहिलेय का? सेकंदाला ३० फ्रेमच्या फोनवर रेटिंगमधला फरक हाताला जाणवतो का? आणि पैसे भरून रेटिंग वाढते का? उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे. एडिट करणाऱ्यांनी पुढचा अपडेट येण्याआधी आपल्या संघांची फाइल दुसरीकडे उतरवून ठेवावी. अपडेटने ती पुसली जाण्याची शक्यता असते आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

आपला,
एक वाचक